कुजणे आणि चिघळणे

इंग्रजीत ‘फेस्टर’ असा एक शब्द आहे. पुष्कळ जण त्याचा अर्थ ‘कुजणे’ असा करतात; आमच्या मते तो अपुरा होय. कुजते ते मेलेले. चिघळते ती जिवंत देहावरची जखम. लॅटिन ‘फिस्टुला’पासून हा शब्द आला. त्याच व्याधीला अरबीत ‘नासूर’ म्हणतात, आणि तो शब्द मराठीतही रुळला आहे. जखम वरून मिटावी व आत पू साठत राहावा, हे त्याचे मर्म.

कुवेतचेच पाहा. १९९१ साली परतणाऱ्या इराकी सैन्याने सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटविल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शेवटची विहीर बंद झाली आणि जगाला वाटले, संकट टळले. परंतु सांडलेल्या तेलाची तळी वाळवंटात राहिली. तेल वर्षानुवर्षे खोल मुरत गेले. त्या भूमीला ‘चिघळली’ हेच क्रियापद शोभते.

आपणां गिरमिटियांच्या वंशजांस हा अनुभव परका नाही. मॉरिशसला गेलेल्या मजुरांत कोकणातले मराठी लोकही होते. हिंदुस्थानातील गिरमिटाची भरती १९१७ साली थांबली. पण कित्येक घरांत पणजोबांचे हाल लाजेपोटी बोललेच गेले नाहीत. न बोललेले दुःख मिटत नाही, ते चिघळते.

‘कुजले’ म्हटले की हात टेकावे लागतात. ‘चिघळले’ म्हटले की इलाज उरतो: जखम उघडावी व धुवावी. मुलांना ती हकीकत मोकळेपणी सांगणे, हाच तो इलाज.