पेन ड्राइव्ह ९९ टक्क्यांवर अडतो तेव्हा

चौलहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मरहूम सासऱ्यांच्या आवाजातल्या कोकणी गोष्टी आणि नणंदेच्या निकाहचा व्हिडिओ, सगळे मिळून १२ जीबी, उबंटू असलेल्या जुन्या लॅपटॉपवर आहे. दीर पहाटे कुवेतला निघणार म्हणून रात्री पेन ड्राइव्ह लावला. पट्टी आधी भराभर धावली, मग रेंगाळली आणि ९९ टक्क्यांवर थांबली. अर्ध्या तासाने कंटाळून पेन ड्राइव्ह ओढून काढला. तिकडे गोष्टींच्या फायली उघडेनात. ‘लिनक्स काढून टाकू का?’ असे त्या विचारतात.

नका काढू. चौलच्या माणसाला बंदराची गोष्ट काय सांगायची! गलबत धक्क्याला लागले म्हणजे माल वखारीत गेला असे होत नाही. लिनक्स फाइल आधी मेमरीत, म्हणजे रॅममध्ये घेते आणि तिथून सवडीने पेन ड्राइव्हवर उतरवते. पट्टी धावते ती रॅमच्या वेगाने. स्वस्त पेन ड्राइव्ह सेकंदाला पाचेक एमबीच लिहितो; त्या हिशेबाने १२ जीबीला ४० मिनिटे लागतात. आणखी दहा मिनिटे थांबला असतात तर काम झाले असते.

पुढच्या वेळी टर्मिनल उघडून एस, वाय, एन, सी ही चार अक्षरे लहान लिपीत टाइप करा आणि एंटर दाबा. माल पूर्ण उतरेपर्यंत पुढची ओळ येत नाही. ती आली की फाइल्सच्या खिडकीत पेन ड्राइव्हच्या नावाशेजारचे इजेक्टचे चिन्ह दाबा. मग पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावा आणि दोन-चार फायली चालवून पाहा. न काढता पाहिले तर फाइल रॅममधूनच वाजते आणि आपली फसगत होते.

तासभर गेला तरी ओळ आली नाही, तर हब काढून थेट लॅपटॉपला जोडा, दुसरा पोर्ट बघा. तरीही तेच झाले तर पेन ड्राइव्ह खराब समजा. एकच व्हिडिओ ४ जीबीहून मोठा असेल तर गोष्ट निराळी: फॅट३२ पद्धतीचा पेन ड्राइव्ह तो घेतच नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा लागतो, आणि त्यात आतले सगळे पुसले जाते.

तुम्ही ‘कट’ न करता ‘कॉपी’ केलीत, म्हणून मूळ फायली लॅपटॉपवर शाबूत आहेत. ‘कट’ केले असते तर सासऱ्यांचा आवाज दोन्हीकडून गेला असता. आजच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर आधी गोष्टी घ्या. निकाहचा व्हिडिओ नंतर.