पालकांनी सरबतच वाटावे काय?

परप्रांतांतील आपल्या मंडळांत शाळेचा विषय निघाला की हल्ली एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. पालकांनी शाळेच्या कारभारात लुडबूड करू नये. मुलाला वेळेवर पाठवावे, फी भरावी, बोलावल्यास स्नेहसंमेलनास हजर राहावे आणि बाकीचे मुख्याध्यापकांवर सोपवून स्वस्थ बसावे. हे सांगणारे बहुधा स्वतः अधिकारपदावर असतात. आपल्या कचेरीत बाहेरच्या कोणी डोकावलेले त्यांना खपत नाही. तेव्हा मुख्याध्यापकांविषयी त्यांना वाटणारी सहानुभूती समजण्यासारखी आहे. पण ती मान्य करण्यासारखी मात्र मुळीच नाही.

वास्तविक आपल्यासारख्या बदलीच्या माणसांनी तरी असे बोलू नये. केंद्रीय विद्यालयांची योजना दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून १९६२ साली मंजूर झाली, ती दर तीन वर्षांनी गाव बदलणाऱ्या नोकरांच्या मुलांची आबाळ होते म्हणूनच. म्हणजे या शाळा पालकांच्या गरजेतून जन्मास आल्या. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळा वगळून बाकीच्या शाळांत व्यवस्थापन समिती असावी असे ठरविले. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, तिने शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवावी, असे स्पष्ट शब्दांत लिहिले. देखरेख हा शब्द कायद्याचा आहे, माझा नव्हे. अल्पसंख्याकांच्या आणि इतर सर्व अनुदानित शाळांपुरते २०१२ च्या दुरुस्तीने या समितीचे काम केवळ सल्ल्याचे राहिले. इतरत्र ते तसे नाही.

मग तंटे का होतात? स्वभाव जुळत नाहीत म्हणून, असे सांगितले जाते. बाई फार कडक आहेत, अमुक पालक फार भांडखोर आहेत, वगैरे. मला हे निदान वरवरचे वाटते. २०१० च्या केंद्रीय नियमांत समितीचा अध्यक्ष पालकांतून निवडावयाचा आहे, पण निमंत्रक सदस्य मुख्याध्यापकच. केंद्रीय विद्यालयाच्या समितीतही अध्यक्षस्थानी बहुधा जिल्हाधिकारी किंवा सैन्याचा वा एखाद्या सरकारी उपक्रमाचा वरिष्ठ अधिकारी असतो आणि सदस्य-सचिव मुख्याध्यापक. सभेची नोटीस काढणार ते, विषयपत्रिका ठरविणार ते, इतिवृत्त लिहिणार तेही तेच. खुर्ची पालकांना दिली आणि लेखणी काढून घेतली, तर त्या खुर्चीची किंमत किती, हे कचेरीत वीस वर्षे टिपणे लिहिलेल्या वाचकांना मी काय सांगावे!

एक प्रकरण मी जवळून पाहिले. उत्तरेकडील एका शहरात माझी बदली झाली असता माझी मुलगी तेथील एका अनुदानित शाळेत जाई. त्या शाळेत पालकांचे एक स्वयंसेवक मंडळ होते. त्यात बहुतेक गृहिणी, दोन-तीन निवृत्त गृहस्थ आणि लेखापरीक्षण खात्यातील एक सद्गृहस्थ. क्रीडादिनी सरबत वाटावे, ग्रंथालयातील पुस्तकांना कव्हरे घालावीत, सहलीला मुले मोजून बसमध्ये चढवावीत, अशी कामे ही मंडळी आनंदाने करीत. आणि तोवर मुख्याध्यापक महाशय त्यांचे कौतुक करताना थकत नसत. पुढे पिण्याच्या पाण्याची तक्रार आली. गच्चीवरील टाकी महिनोन्‌महिने धुतली जात नसे. मंडळाने दर पालकामागे तीनशे रुपये गोळा करून पाणी शुद्ध करण्याची दोन यंत्रे घ्यावयाचे ठरविले. पैसे मोबाइलवरून एका शिक्षकाच्या खाजगी खात्यात जमा झाले, कारण ‘शाळेच्या खात्यात टाकले की मंजुरीचे लचांड’. यंत्रे आली नाहीत. स्नेहसंमेलनाला मात्र रंगमंचावर झगमगते दिवे आले.

लेखापरीक्षण खात्यातील गृहस्थांनी सभेत, अत्यंत सौम्य शब्दांत, हिशोब विचारला. ‘म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही?’ असा मुख्याध्यापकांचा उलट प्रश्न आला. आठवड्याभरात मंडळ ‘पुनर्रचनेसाठी’ विसर्जित झाल्याची सूचना लागली. नव्या मंडळात शाळेला गणवेश पुरविणाऱ्या दुकानदाराचे मेहुणे दिसू लागले. आणि त्या सभेच्या इतिवृत्तात काय लिहिले होते? ‘उपस्थित पालकांनी शाळेच्या प्रगतीबद्दल समाधान व्यक्त केले.’ एवढेच. ज्यांच्या घरून बाटली येई त्या मुलांचे ठीक चालले होते; ज्यांच्या घरून येत नसे ती मुले त्याच टाकीचे पाणी पीत राहिली.

विश्वासाचा हा मुद्दा तर अजबच. सरकारी कोषागारात रोखपालाच्या पेटीतील रक्कम वरिष्ठ अधिकारी अचानक येऊन मोजतो. त्यात रोखपालाला आपला अपमान झाल्याचे वाटत नाही. उलट मोजणी झाली नाही तरच शहाणा रोखपाल अस्वस्थ होतो. हिशोब मागणे हा अविश्वास नसून हिशोब देणाऱ्याचे संरक्षण आहे, ही गोष्ट आपल्या प्रत्येक खात्यात कारकुनालाही कळते; शाळेच्या फाटकातून आत शिरताच ती अधिकाऱ्यांनाही कळेनाशी व्हावी, हे मोठेच आश्चर्य.

आता मुख्याध्यापकांची बाजू. ती नाहीच, असे मी म्हणत नाही. आपल्या खात्याच्या लेटरहेडवर पत्र लिहून चिरंजीवांस ‘अ’ तुकडीत घालण्याची ‘विनंती’ करणारे उपसचिव मी पाहिले आहेत. मुलीला भूमितीत दोन गुण कमी मिळाले म्हणून शिक्षिकेची बदली मागणाऱ्या माता पाहिल्या आहेत. सरकारी जीप थेट प्रार्थनेच्या मैदानात उभी करणारे एक साहेबही पाहिले आहेत. दुर्दैवाने ते मराठी होते. वर निवडणुकीचे आणि जनगणनेचे काम कायद्यानेच शिक्षकांच्या माथी मारले आहे. अशा स्थितीत वर्गावर कोणी काय शिकवावे, कोणाला किती गुण द्यावेत, यात बाहेरच्याने बोट घालणे हा निव्वळ उपद्रव आहे आणि तो मोडून काढणाऱ्या मुख्याध्यापकाच्या पाठीशी आपण उभे राहिले पाहिजे. परंतु वर्गात डोकावणे वेगळे आणि पैशाच्या पेटीत डोकावणे वेगळे. चतुर मुख्याध्यापक या दोहोंची गल्लत मुद्दाम करतात आणि आपले भोळे मित्र तीच गल्लत मंडळाच्या बैठकीत तत्त्वज्ञान म्हणून ऐकवितात.

खाजगी शाळांची कथा थोडक्यात सांगतो. शाळांनी शिक्षणाचा व्यापार करू नये यासाठी शिक्षण संचालकांना दिल्लीतील विनाअनुदानित शाळांच्या फीवर नियंत्रण ठेवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. महाराष्ट्रात फीच्या नियमनाचा कायदा २०११ चा. त्याने पालक-शिक्षक संघ सक्तीचा केला, पण त्याच्या कार्यकारी समितीचे अध्यक्षपद ठेवले मुख्याध्यापकांकडेच. दिल्लीने २०२५ साली जो कायदा केला, त्यात शाळेच्या समितीवरील पालक चिठ्ठ्या टाकून निवडावयाचे आहेत, अध्यक्ष मात्र व्यवस्थापनाचा. चिठ्ठीची पद्धत मला पसंत आहे. निदान दुकानदाराच्या मेहुण्यांची सोय तीत आपोआप होत नाही. पण चिठ्ठीत निघालेला पालक पहिल्या सभेला येऊन, चहा पिऊन, कोऱ्या कागदावर सही करून गेला, तर कायद्याने तरी काय करावे?

या सह्या का होतात, ते मात्र उघड बोलले जात नाही. भीती मुलाची असते. केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत मुख्य विषयांत शंभरांपैकी वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेच्या हातातले. बाप सभेत हिशोब मागतो आणि मुलगा वर्गात त्या वीस गुणांची वाट पाहतो. या भीतीला मी भ्याडपणा म्हणणार नाही. म्हणून तर हिशोबाची मागणी एकट्या पालकाने तोंडी करावयाची नसते. ती पंधरा-वीस सह्यांनिशी लेखी करावयाची असते, आणि तिचा आवक क्रमांक घ्यावयाचा असतो. सरकारी वा सरकारी पैशावर चालणारी शाळा असेल, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. ज्यांचे मूल नुकतेच शाळा सोडून गेले आहे, किंवा ज्यांची बदलीची ऑर्डर खिशात आहे, त्यांनी अर्जावर पहिली सही करावी. ‘आपण काय, तीन वर्षांचे पाहुणे’ हे आपले नेहमीचे पालुपद. पण जाणाऱ्या पाहुण्याला मुख्याध्यापक काय करणार? मागे राहणाऱ्यांना तर जन्मभर त्याच गावात, त्याच दुकानातून गणवेश घ्यावयाचा असतो.

सरबत जरूर वाटावे. माझ्या पत्नीने चार वर्षे वाटले. परंतु मुलांसाठी गोळा झालेला एक रुपयाही कोणाच्या खाजगी खात्यात जाऊ देऊ नये. त्याची पावती शाळेच्या नावाची असावी. सभेचे इतिवृत्त पुढच्या सभेच्या प्रारंभी मोठ्याने वाचले जावे आणि चूक असेल तेथे दुरुस्ती नोंदवूनच कायम व्हावे. २०१० च्या नियमांप्रमाणे ते जनतेला पाहावयास मिळाले पाहिजे आणि समितीच्या पैशाचे खाते वेगळे असून त्याची दरवर्षी तपासणी झाली पाहिजे. जुलैमध्ये बहुतेक ठिकाणी वर्षाची पहिली सभा होईल. चहा येण्यापूर्वी हात वर करून विचारावे, ‘साहेब, मागच्या सभेचे इतिवृत्त कोठे आहे?’