स्पीकर घडवणाऱ्यांचे मेळावे आणि आपली विज्ञान प्रदर्शने



चांगला स्पीकर हवा असेल तर दुकानात जावे, पैसे मोजावेत आणि तो घरी आणावा, ही झाली सरळ रीत. पण काही मंडळींना ही रीत पटत नाही. ती लाकडाच्या फळ्या कापतात, त्यांना गोल भोके पाडतात, तारेची वेटोळी गुंडाळतात आणि महिनोन्‌महिने खपून घरच्या घरी स्पीकरची जोडी तयार करतात. तेवढ्याने त्यांचे समाधान होत नाही. ती जोडी गाडीत घालून ती दूरच्या गावी नेतात आणि आपल्यासारख्याच इतर छांदिष्टांपुढे वाजवून दाखवतात. अमेरिकेत ओहायो, आयोवा अशा राज्यांत असे मेळावे भरत आले आहेत. सॅन फ्रान्सिस्को येथे २००७ साली ‘बर्निंग अँप’ नावाचा मेळावा सुरू झाला. त्यात स्पीकरबरोबर घरी बनवलेले ॲम्प्लिफायरही लोक घेऊन येतात.

ही केवळ सुखवस्तू देशातील हौस आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. विज्ञान कसे करावे याचा एक चांगला धडा या मेळाव्यांत आहे आणि आपल्या शाळांतील विज्ञान प्रदर्शनांनी तो गिरवावा, असे माझे मत आहे.

मेळाव्यात काय चालते?

एका मोठ्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या असतात. समोर स्पीकरची जोडी ठेवलेली असते. बनवणाऱ्याला ठरावीक वेळ मिळतो, त्यात तो आपली जोडी वाजवून दाखवतो. पुष्कळदा सर्वांच्या स्पीकरवर एकच गाणे वाजवले जाते, म्हणजे तुलना करता येते. मग प्रश्न सुरू होतात. पेटी केवढी घेतली? मोठ्या स्पीकरचे काम कोठे संपते आणि छोट्याचे कोठे सुरू होते? खालचे सूर जरा घुमतात, ते कशामुळे? कोणी मायक्रोफोन समोर ठेवून संगणकावर आलेख काढतो. तो आलेख आणि बसलेल्यांचे कान यांचे जमले नाही, तर वादही होतो. बनवणारा बहुधा आपल्या कामातील उणीव लपवत नाही. लपवून उपयोगही नसतो, कारण समोर बसलेल्यांना ती ऐकू येत असते. मेळावा संपला की एकाची युक्ती दुसऱ्याच्या वहीत गेलेली असते.

अशा जमण्यातून काय उभे राहू शकते, याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. गिल्बर्ट ब्रिग्ज हे यॉर्कशायरमधील कापडाच्या व्यापारातले गृहस्थ. त्यांना संगीताचे वेड होते. १९३२ साली इल्कली या गावी आपल्या घराच्या तळघरात त्यांनी स्पीकर बनवण्यास सुरुवात केली. वेटोळी गुंडाळण्याच्या कामी त्यांच्या पत्नी मदत करीत. १९३३ साली ब्रॅडफर्ड येथील हौशी रेडिओ मंडळाच्या स्पर्धेत त्यांनी आपले स्पीकर ठेवले आणि पहिले व दुसरे अशी दोन्ही बक्षिसे मिळवली. पुढे त्यांचा ‘व्हार्फडेल’ हा कारखाना जगभर नावाजला. १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी एक धाडसी कार्यक्रम केला. प्रत्यक्ष कलावंतांचे वादन आणि त्याच संगीताचे ध्वनिमुद्रण, दोन्ही एकाच सभागृहात लागोपाठ ऐकवून त्यांनी श्रोत्यांनाच तुलना करायला सांगितले. आपले काम लोकांच्या कानांपुढे उघडे ठेवायचे, हीच सवय तळघरापासून सभागृहापर्यंत त्यांनी पाळली.

पेटीतील भौतिकी

स्पीकर बनवण्यात विज्ञान ते काय, सगळे सुतारकामच, अशी शंका येणे शक्य आहे. म्हणून थोडे आत डोकावू.

स्पीकरमध्ये एक कायम चुंबक असतो. त्याच्या फटीत तारेचे हलके वेटोळे असते आणि वेटोळ्याला कागदी शंकू जोडलेला असतो. वेटोळ्यातून बदलता विद्युत्‌प्रवाह गेला की ते पुढेमागे हलते, शंकू हवेला ढकलतो आणि आवाज होतो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग या अभियंत्यांनी १९२५ साली या रचनेला जे रूप दिले, ते मूलतः आजही तसेच आहे. चुंबकीय क्षेत्रातील तारेवर बल कार्य करते, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकताच.

आता गंमत पाहा. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. मागचा तरंग कडेवरून वळून पुढे येतो आणि पुढच्या तरंगाला मारून टाकतो. उंच सुरांना याचा त्रास होत नाही. कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपने, १०,००० असतील तर तरंगलांबी अवघी ३.४ सेंटिमीटर असते. पण कंप्रता ५० असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून तरंगलांबी ६.८ मीटर येते. एवढ्या लांब तरंगापुढे तळहाताएवढ्या स्पीकरची कड ती काय! म्हणून उघडा स्पीकर डग्ग्याचा घुमारा देऊ शकत नाही. त्याला पेटीत बसवावे लागते, ते मागचा तरंग कोंडण्यासाठी.

पण पेटी घातली की नवा प्रश्न उभा राहतो. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग ताठ. स्प्रिंग ताठ झाली की शंकूची स्वतःची कंप्रता वर जाते आणि खालचे सूर कमी होतात. यावर थुरास या अमेरिकन अभियंत्याने उपाय काढला. त्याला १९३२ साली पेटंट मिळाले. त्याने पेटीला एक नळी ठेवली. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जसा ‘हूऽऽ’ असा आवाज येतो, तशी नळीतील आणि पेटीतील हवा एका ठरावीक कंप्रतेला अनुस्पंदन करते आणि खालच्या सुरांना आधार देते. मात्र नळीची लांबी चुकली तर हाच आधार नकोसा घुमारा होतो.

किती मोठ्या पेटीला केवढी नळी, हे पूर्वी बरेचसे अंदाजाने चाले. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली त्याचे गणित मांडले. १९७१ मध्ये त्यांचा निबंध अमेरिकेतील ध्वनी-अभियांत्रिकीच्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला, आणि सिडनीच्या रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेले. आज घरी स्पीकर बनवणारा विद्यार्थीही थील आणि स्मॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राशी वापरून पेटीचे माप काढतो.

तरीही गणित संपले की काम संपत नाही. उंच सुरांच्या छोट्या स्पीकरला खालच्या सुरांपासून वाचवण्यासाठी त्याच्या वाटेत कंडेन्सर घालतात. ८ ओहमच्या स्पीकरला १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातला, तर सूत्राप्रमाणे सुमारे २००० कंपनांखालचे सूर अडवले जाऊ लागतात. पण प्रत्यक्षात स्पीकरचा रोध सर्व कंप्रतांना ८ ओहम राहत नाही, तो बदलत जातो. म्हणून सूत्राने एक सांगितले आणि कानाने दुसरे ऐकले, असे घडते. मग मोजायचे, कारण शोधायचे, कंडेन्सर बदलायचा, पुन्हा ऐकायचे. माझ्या मते खरे विज्ञान येथे सुरू होते.

कानही फसतो

कान हा न्यायाधीश खरा, पण त्याच्या शेजारी डोळा बसलेला असतो. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० श्रोत्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. तेच स्पीकर एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरांना भरघोस गुण मिळाले आणि लहान, स्वस्त संच मागे पडला. पडदा लावल्यावर ही तफावत बरीच कमी झाली. विशेष म्हणजे हे श्रोते स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतीलच होते, आणि अनुभवी श्रोतेही डोळ्यांच्या प्रभावातून सुटले नाहीत. आणखी एक गोष्ट सांगतो. दोन स्पीकरांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो, तोच आपल्याला चांगला वाटतो. म्हणून तुलना करताना दोघांचा आवाज सारखा ठेवावा लागतो. ‘मला असे ऐकू आले’ आणि ‘ते तसे आहे’ यांत अंतर असते. हे अंतर ओळखायला शिकणे म्हणजेच वैज्ञानिक दृष्टी.

आपल्याकडे काय होते?

आता आपल्या प्रयोगशाळेकडे वळू. लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९.८ यायला हवे, हे आधीच ठाऊक असते. ते ९.२ आले, तर पुष्कळ विद्यार्थी कारण शोधण्याऐवजी निरीक्षणे ‘सुधारतात’. सगळे बिंदू एका रेषेत बसलेल्या वह्या मी दर वर्षी तपासतो. एवढी सरळ रेषा निसर्ग सहसा देत नाही. दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. ज्या उत्तराला गुण मिळतात, तेच उत्तर ते लिहितात.

प्रदर्शनाची गोष्ट फार वेगळी नाही. थर्माकोलची प्रतिकृती असते, रंगीत तक्ता असतो आणि पाठ केलेले भाषण असते. परीक्षक दोन मिनिटे थांबतात, भाषण ऐकतात आणि पुढे जातात. प्रतिकृती चालली नाही तरी भाषण चालून जाते. स्पीकरच्या मेळाव्यात ही सोय नाही. तेथे वस्तू स्वतः बोलते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी सूचना आहे. वर्षातून एक दिवस शाळेत स्पीकरचा मेळावा भरवा. सर्व गटांना एकाच मापाचा, एकाच किमतीचा साधा स्पीकर द्या. पेटी मात्र ज्याने त्याने ठरवावी. कोणी प्लायवूडची करील, कोणी खोक्याची, कोणी मडके घेईल, कोणी दुध्या भोपळा. मध्ये पातळ कापडाचा पडदा लावा. पेट्यांना नावांऐवजी क्रमांक द्या आणि एकाच ॲम्प्लिफायरवर, सारख्या आवाजात वाजवा. डग्गा, तानपुरा आणि माणसाचे बोलणे एवढे ऐकवले तरी पुरे. वर्गातील एखाद्या मुलीचा आवाज मुद्रित करा आणि तिलाही पडद्याआड बसवून बोलायला लावा, म्हणजे ब्रिग्ज यांचा प्रयोग तुमच्या वर्गात होईल. ऐकणाऱ्यांनी मत कागदावर लिहावे. पडदा नंतर काढावा. मग प्रत्येक गटाने तीनच गोष्टी सांगाव्यात : आम्हांला काय अपेक्षित होते, काय ऐकू आले आणि पुढच्या वेळी काय बदलू. बक्षीस द्यायचेच असेल, तर ज्या वहीत फसलेले प्रयत्नही लिहिलेले आहेत त्या वहीला द्यावे.

यावर आक्षेप येतील. अभ्यासक्रम संपत नाही, वेळ कोठून आणायचा? पण बल, तरंग, अनुस्पंदन आणि विद्युत्‌प्रवाह हे सारे अभ्यासक्रमातच आहे, येथे ते एकत्र भेटते. खर्चाचे म्हणाल, तर मोडक्या रेडिओतील स्पीकरही चालतो. धोक्याचे म्हणाल, तर बॅटरीवर चालणारा लहान ॲम्प्लिफायर वापरावा, भिंतीतील विजेला हात लावण्याचे कारणच नाही. करवत मात्र मोठ्यांच्या देखरेखीखाली चालवावी. लंबकाचा प्रयोग बंद करा असेही मी म्हणत नाही. मोजमापाचा हात बसण्यासाठी तो हवाच. पण ज्याचे उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेले नाही, असा एक तरी प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला शाळा सोडण्यापूर्वी यावा.

मेळावा भरेपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही. एक जुना स्पीकर मिळवा आणि तो छोट्या बॅटरीवरच्या ॲम्प्लिफायरला जोडून उघडाच वाजवा. मग एका मोठ्या, जाड पुठ्ठ्याला स्पीकरच्या तोंडाएवढे भोक पाडा आणि तो पुठ्ठा स्पीकरला घट्ट टेकवा. आवाजात काय फरक पडला, तो वहीत लिहा. पुठ्ठा निम्मा कापा आणि पुन्हा ऐका. मित्राला डोळे मिटून बसवा आणि न सांगता पुठ्ठा लावा, काढा. त्याला ओळखता आले का, किती वेळा आले, तेही लिहा. जे ऐकू आले तेच लिहा, जे ऐकू यायला हवे होते ते नको.