जाहीर आवाहन : पोरगं वाळूजला आणि मत सेनगावला, हे आता बंद करा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कामगार वस्तीत नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही म्हणून सेनगावकडचा एखादा तरुण पुढाऱ्याकडे गेला, की त्याला आधी एकच प्रश्न विचारला जातो : "मत कुठं आहे तुमचं?" "गावाकडं," असं त्याने सांगितलं की बोलणं संपतं. पाण्याचं बोलणं संपतं, रस्त्याचं संपतं, पोराच्या शाळेचंही संपतं. बारा-पंधरा वर्षं एकाच वस्तीत भाडं भरणाऱ्या माणसाला हा प्रश्न ऐकावा लागतो. त्याची चीड आली म्हणूनच सेनगाव तालुक्यातले काही शिक्षक, शेतकरी आणि निवृत्त कर्मचारी हे आवाहन करत आहेत. त्यांच्या मागे कुठलाही पक्ष नाही. फॉर्मच्या झेरॉक्सचा खर्चही वर्गणीतून भागतो, आणि ही गोष्ट ते छाती पुढे काढून सांगतात.

गाव सोडावं का लागतं, हे सेनगावला कुणी शिकवायला नको. याच तालुक्यातल्या ताकतोड्याच्या शेतकऱ्यांनी २०१९ मध्ये अख्खं गाव विकायला काढलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी स्वतःचे अवयव विक्रीला काढले. चार दिवस वाहिन्यांच्या गाड्या आल्या आणि धूळ उडवत गेल्या. सोयाबीनचा भाव आणि पीकविम्याचं भांडण होतं तिथेच राहिलं. पोरं मात्र बॅगा भरून वाळूज, चाकण, भोसरीला निघून गेली.

इकडे सेनगाव ज्या हिंगोली लोकसभा मतदारसंघात येतं, त्याचा हिशेब काय सांगतो? १९७७ मध्ये जनता पक्षाचे चंद्रकांत पाटील इथले पहिले खासदार झाले. त्यानंतर काँग्रेसचे उत्तमराव राठोड १९८०, १९८४ आणि १९८९ असे सलग तीनदा निवडून आले. तिथून पुढे या मतदारसंघाने कुणालाही लागोपाठ दुसरी संधी दिलेली नाही. विलासराव गुंडेवार, शिवाजी माने, सूर्यकांता पाटील, पुन्हा माने, पुन्हा सूर्यकांताबाई, सुभाष वानखेडे, राजीव सातव, हेमंत पाटील आणि आता नागेश पाटील आष्टीकर. दर वेळी नवा माणूस, किंवा जुनाच पण मध्ये एकदा पाडलेला. पाडण्यात हिंगोलीचा मतदार पटाईत आहे. काम करवून घेण्यात किती पटाईत आहे, याचं उत्तर ताकतोडा आणि गोरेगावने दिलेलंच आहे.

२०२४ मध्ये तर कमालच झाली. शिवसेनेच्या शिंदे गटाने हेमंत पाटलांची उमेदवारी जाहीर केली, भाजपच्या स्थानिक मंडळींनी विरोध केला, नाव मागे घेऊन बाबुराव कदम कोहळीकरांना उभं केलं गेलं आणि ते १,०८,६०२ मतांनी पडले. या सगळ्या उलथापालथीत मतदाराला कुणी विचारलं नाही.

एक आकडा मात्र पाठ करावा असा आहे. २०१४ मध्ये राजीव सातव जिंकले ते फक्त १,६३२ मतांनी. पन्नास माणसांच्या तेहतीस एसटी गाड्या भरल्या असत्या तर तेवढा फरक भरून निघाला असता. त्या दिवशी वाळूज आणि चाकणच्या शेडमध्ये पाळी करत असलेली हिंगोली जिल्ह्यातली पोरं मोजली असती तर?

आता वाळूजची पोरं राहतात त्या मतदारसंघाकडे पाहू. वाळूज भागातल्या बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी या सगळ्या कामगार वस्त्या औरंगाबाद लोकसभेत येतात. शहर आता छत्रपती संभाजीनगर झालं असलं तरी मतदारसंघाचं नाव अजून जुनंच आहे. इथला मतदार पूर्वीपासून लहरी नव्हे, चोखंदळ. १९५७ मध्ये त्याने स्वामी रामानंद तीर्थांना निवडलं, १९७७ मध्ये समाजवादी बापू काळदात्यांना, १९८० मध्ये उर्दू कवी काझी सलीम यांना. १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेतही इथे काँग्रेस आय हरली आणि काँग्रेस एसचे साहेबराव पाटील डोणगावकर जिंकले. साधारण त्याच सुमारास, १९८५ मध्ये, वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून माणसांचा ओघ लागला. १९८९ मध्ये शिवसेनेचे मोरेश्वर सावे जिंकले आणि मतदारसंघाचा रंग बदलला. मध्ये १९९८ चा काँग्रेसचा एक अपवाद सोडला तर तो रंग तीस वर्षं टिकला. चंद्रकांत खैरे तर १९९९ पासून सलग चारदा निवडून आले.

२०१९ मध्ये मात्र एमआयएमचे इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२ मतं पडली, खैरेंना ३,८४,५५०. फरक ४,४९२. अपक्ष हर्षवर्धन जाधव पावणेतीन लाखांच्या वर मतं घेऊन गेले. २०२४ मध्ये संदिपान भुमरे जिंकले आणि खैरे तिसऱ्या क्रमांकावर गेले.

या सगळ्या घडामोडींत जात बोलली, धर्म बोलला, शहराचं नाव बोललं. वाळूजचा कामगार बोलला नाही. चाळीस वर्षांत वाळूजच्या कंपन्यांच्या शेडमधून उठून लोकसभेत गेलेला एकही माणूस नाही. कारण कामगारांची फौज वाळूजला असली तरी तिची नावं हिंगोली, परभणी आणि जालन्याच्या याद्यांत पडून आहेत. मुंबईच्या गिरणगावात असं नव्हतं. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि १९८४ मध्ये, काँग्रेसची लाट देशभर उसळलेली असताना, त्याच कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांना मुंबई दक्षिण मध्यमधून लोकसभेत पाठवलं. संपात हरलेले कामगार निवडणूक जिंकू शकले, कारण जिथे चाळ तिथेच त्यांचं मत होतं.

सरकार काहीतरी करील म्हणून थांबणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं : निवडणूक आयोगाने परगावी राहणाऱ्यांसाठी ७२ मतदारसंघ एकाच वेळी हाताळणारं दूरस्थ मतदान यंत्र तयार केलं होतं. १६ जानेवारी २०२३ ला पक्षांना दाखवायला बोलावलं. विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले, प्रात्यक्षिक झालंच नाही. त्यानंतर २०२४ ची लोकसभा आली आणि गेली.

आणि कायदा काय म्हणतो? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार माणूस जिथे सामान्यपणे राहतो तिथला तो मतदार. गावात घर आहे, एवढ्याच कारणावरून तो तिथला रहिवासी ठरत नाही. उसाच्या तोडीला जाऊन पावसाळ्यापूर्वी परतणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते तात्पुरते बाहेर असतात, त्यांनी नाव गावातच ठेवावं आणि कुणी कापलं तर भांडावं. पण वर्षानुवर्षं वाळूजला बिऱ्हाड केलेल्याने गावातल्या नावाला चिकटून बसण्यात काय अर्थ?

काही जण म्हणतात, नाव हलवलं तर सातबारा जाईल. मतदारयादीचा आणि सातबाऱ्याचा काडीचा संबंध नाही. रेशनचंही तेच. अशा अफवा कोण पसरवतं, हे गावाला ठाऊक आहे : ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जीप पाठवून पोरांना उचलून आणणारेच. सरपंचाच्या मतासाठी जेवणासकट गाडी येते. लोकसभेला मात्र कुणी फोनसुद्धा करत नाही. हो, नाव हललं की गावच्या सरपंचाला मत देता येणार नाही. पण पाच वर्षांतून एकदा जीपमध्ये बसण्यासाठी उरलेली पाच वर्षं मुकं राहायचं, हा सौदा आई-बापांनीच आता मोडावा.

करायचं ते असं. नाव एका मतदारसंघातून दुसरीकडे न्यायचं तर फॉर्म ८ भरायचा. पहिल्यांदाच नोंदणी असेल तर फॉर्म ६. दोन्हीकडे नाव ठेवणं गुन्हा आहे, ती हुशारी कुणी करू नये. घरमालक भाडेकरार देत नसेल तर बँक पासबुक, गॅस किंवा विजेचं बिल चालतं, आणि काहीच नसेल तर बीएलओने, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, प्रत्यक्ष येऊन पडताळणी करायची असते. त्याला बोलवा, टाळाटाळ केली तर लेखी मागा. अठरा वर्षं पूर्ण होणाऱ्यांसाठी आता १ जानेवारीसोबत १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही तारखा धरल्या जातात. सुना राहून जातात, त्यांचं नाव आधी भरा. मतदानाच्या दिवशी रोजंदारीवरच्या कामगारालाही पगारी सुट्टीचा हक्क आहे. ठेकेदाराने ती नाकारली तर कायद्यात दंड आहे फक्त ५०० रुपयांपर्यंत, म्हणून एकट्याने नव्हे, पाळीतल्या सगळ्यांनी मिळून मागावी.

ज्यांची नावं सेनगावातच राहणार आहेत, त्यांनी आपलं नाव यादीत आहे का हे मतदानाच्या दिवशी नव्हे, आज पाहावं. १९५० या क्रमांकावर फोन लावला तरी कळतं.

सेनगावातल्या प्रत्येक आई-बापाने आज रात्री पोराला फोन करावा. जेवलास का हे विचारून झालं की फॉर्म ८ भरलास का, हेही विचारावं.