दादा-ताई नेमण्याआधी

अर्नेस्ट कोल्टर न्यूयॉर्कच्या बालन्यायालयात कारकून होते. समोर उभ्या राहणाऱ्या मुलांना शिक्षेपेक्षा मोठ्या माणसाच्या सोबतीची गरज आहे, हे ओळखून त्यांनी १९०४मध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांना एकेका मुलाची जबाबदारी घ्यायला सांगितलं. त्यातून ‘बिग ब्रदर्स’ चळवळ उभी राहिली. शतक उलटूनही ती टिकली, याचं श्रेय मी भावनेपेक्षा व्यवस्थेला देईन: स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासायची, जोडी विचारपूर्वक लावायची आणि पुढे त्या जोडीची विचारपूस करत राहायला पगारी कार्यकर्ता ठेवायचा.

आपल्याकडे आधी उत्साह येतो, नियमावली मागाहून. कधी येतच नाही. त्याची किंमत मूल मोजतं. संशोधक जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांच्या अशा जोड्यांवरच्या २००२च्या अभ्यासात वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या जोड्यांमधल्या मुलांना सर्वाधिक फायदा झालेला दिसला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांमधल्या मुलांचा आत्मसन्मान मात्र आधीपेक्षा घसरला. अर्धवट सोडलेली मदत अशी इजा करून जाते.

न्यासाची नोंदणी, हिशेब, लेखापरीक्षण हे सगळे करतातच. पण मुलानं तक्रार कुणाकडे करायची, हे किती संस्थांनी लिहून ठेवलंय? मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणं हा २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे, हे प्रत्येक स्वयंसेवकाला पहिल्याच बैठकीत सांगायला हवं.

असा उपक्रम सुरू करू पाहणाऱ्या वाचकांना कळकळीची विनंती: पन्नासऐवजी दहाच मुलं घ्या, पण समन्वयकाचा वर्षभराचा पगार बाजूला काढल्याशिवाय पहिली जोडी लावू नका.