शाळेचे दहापैकी गुण आणि घराचा हप्ता



आपल्या सांगली-कोल्हापूर भागातल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली आता अमेरिकेत आहेत. नातवंडं पाच वर्षांची व्हायला आली की फोनवर एकच विषय सुरू होतो, शाळेचा. तिकडे शाळा म्हणजे घर, कारण सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक ठिकाणी पत्त्यावरून ठरते. ज्या रस्त्यावर घर, त्या रस्त्याची शाळा ठरलेली. म्हणून शाळेच्या नावावर घराची किंमत चढते आणि त्या घरासाठी कधी कधी इकडे आजी-आजोबांच्या मुदत ठेवी मोडतात. म्हणूनच हा विषय आपलाही आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. एकाच स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या दोन प्राथमिक शाळा. एकीला दहापैकी ९, दुसरीला ६. एवढ्या एका आकड्यासाठी जास्तीचं कर्ज काढू नये.

माझी लेक न्यू जर्सीत आहे, म्हणून तिथलंच उदाहरण घेते. एडिसन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १ लाखाहून जास्त वस्तीचं उपनगर, भारतीय माणसं भरपूर. तिथे बालवर्गापासून ५ वीपर्यंतच्या अनेक प्राथमिक शाळा आहेत, पण त्या सगळ्यांवर शिक्षण मंडळ एकच. अभ्यासक्रम एक, शिक्षकांची पगारश्रेणी एक. पैसा येतो तो संपूर्ण गावाच्या घरपट्टीतून आणि राज्याच्या अनुदानातून. श्रीमंत गल्लीची घरपट्टी फक्त त्या गल्लीच्या शाळेला मिळते असं नाही. एका दुकानाच्या दोन शाखा असाव्यात तसं हे आहे.

मग गुणांत एवढा फरक का पडतो? घरं विकणाऱ्या संकेतस्थळांवर दिसतो तो १ ते १० चा आकडा ग्रेटस्कूल्स नावाची एक संस्था देते. परीक्षेचे गुण, मुलांची प्रगती अशा दोन-चार गोष्टी एकत्र करून शेवटी एकच आकडा काढतात. न्यू जर्सीत राज्याची परीक्षा ३ रीपासून सुरू होते. म्हणजे ५ वीपर्यंतच्या शाळेत परीक्षेला बसतात फक्त तीन इयत्ता. तुमची नात जाणार बालवर्गात, आणि तिथली बाई कशी शिकवते याबद्दल तो आकडा अवाक्षर बोलत नाही.

आपल्यापैकी ज्यांनी वाणिज्य शाखा केली त्यांना हे पटकन कळेल. वर्षअखेरची शिल्लक बघून धंदा कसा चालला हे सांगता येत नाही. आरंभीची शिल्लक किती होती ते आधी बघावं लागतं. ज्या शाळेत इंजिनिअर-डॉक्टरांची मुलं येतात, घरी पुस्तकं असतात, शनिवारी गणिताची शिकवणी असते, त्या शाळेचे गुण चांगलेच येणार. ती शिकवणी आई-बापांनी पैसे मोजून लावलेली असते, पण गुण शाळेच्या खात्यावर जमा होतात. शेजारच्या शाळेत नुकती देशात आलेली, इंग्रजी अजून शिकत असलेली मुलं जास्त असतील, तर तिथली सरासरी खाली दिसणारच. तिथल्या बाई कदाचित दुप्पट मेहनत घेत असतील.

शिवाय संख्या लहान असते. समजा एका इयत्तेत ८० मुलं आहेत. त्यातली चार मुलं यंदा पास झाली, पुढच्या वर्षी तशी चार झाली नाहीत, की निकाल ५ टक्क्यांनी घसरला. शाळा आहे तीच, शिक्षकही तेच.

आता हप्त्याचा हिशेब. माझ्या लेकीने पाहिलेल्या दोन घरांत १ लाख २० हजार डॉलरचा फरक होता. खोल्या तेवढ्याच, फक्त शाळा वेगळी. साडेसहा टक्के व्याजाने ३० वर्षांसाठी तेवढं जास्तीचं कर्ज घेतलं तर महिन्याला साधारण ७५८ डॉलर जास्त जातात. ३० वर्षांत नुसतं व्याजच दीड लाख डॉलरच्या पुढे. हे पैसे आकाशातून पडत नाहीत. ते आईच्या नोकरीच्या तासांतून येतात. चांगल्या शाळेसाठी घर घ्यायचं आणि त्याच घराच्या हप्त्यासाठी पोरीला संध्याकाळी सहापर्यंत पाळणाघरात ठेवायचं, यात पोरीचा फायदा कुठे झाला? पाच-सहा वर्षांच्या मुलाला वाचायला बसवणारं माणूस घरात असणं, ही गोष्ट कुठल्याच तक्त्यात येत नाही.

मग बघायचं काय? न्यू जर्सीचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा अहवाल प्रसिद्ध करतं, तो कुणालाही फुकट वाचता येतो. त्यात प्रगतीचा एक आकडा असतो. मागच्या वर्षी ज्यांचे गुण सारखे होते अशा राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत हे मूल यंदा किती पुढे गेलं, ते १ ते ९९ मध्ये सांगतात. शाळेतल्या मधल्या मुलाचा आकडा तो शाळेचा आकडा. ५० म्हणजे मध्य. आरंभीची शिल्लक धरून केलेला हिशेब म्हणतात तो हा. मागच्या वर्षीचे गुण लागतात म्हणून तो ४ थीपासूनच मिळतो, तेवढी त्याची मर्यादा लक्षात ठेवायची. त्याच अहवालात शिक्षकांचा अनुभव, एका शिक्षकामागे मुलं किती, आणि शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणारी मुलं किती, हेही असतं. गैरहजेरी खूप असेल तर मात्र खरोखर चौकशी करावी.

दुसरी बाजूही मांडते. दोन वेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये पैशाचा आणि सोयींचा फरक मोठा असू शकतो, तिथे माझा हा युक्तिवाद तसाच लागू होत नाही. एकाच डिस्ट्रिक्टमध्येही पालक संघ श्रीमंत असेल तर सहली, वाद्यं, बाग अशा गोष्टी जास्त होतात. पुढे हायस्कूल कुठलं मिळणार, हाही प्रश्न असतो. एडिसनमध्येच दोन हायस्कूलं आहेत. पण शाळांच्या हद्दी मंडळ बदलू शकतं. आठ-नऊ वर्षांनंतरच्या हद्दीवर आज ३० वर्षांचं कर्ज काढणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

आणि एक गोष्ट, जी आपण दबक्या आवाजात बोलतो. “तिकडे कुठली मुलं येतात?” हा प्रश्न मी फोनवर आपल्याच बायकांकडून ऐकला आहे. भाड्याच्या घरांतली मुलं, स्पॅनिश बोलणारी मुलं, काळी मुलं, असा त्याचा अर्थ. मैत्रिणींनो, आपण कुठे शिकलो? जिल्हा परिषदेच्या शाळेत, एकाच बसकरावर. सीमाभागातल्या आपल्या कितीतरी जणींच्या घरी कानडी आणि शाळेत मराठी. आपल्यामुळे शाळेचा दर्जा खाली गेला असं कुणी म्हटलं असतं तर? आज परदेशात आपली नातवंडं नवखी आहेत. दुसऱ्या नवख्या मुलाकडे पाठ करायला त्यांना आपण शिकवू नये.

लेकीला मी एवढंच सांगितलं की दोन्ही शाळांत जाऊन ये. मुख्याध्यापक किती वर्षं आहेत ते विचार. बालवर्गात मुलं किती, शाळा चालत जाण्याजोगी आहे का, इंग्रजी कमी येणाऱ्या मुलाला मदत कोण करतं, ते बघ. आपल्या घरासाठी एक प्रश्न आणखी: वर्गात वाढदिवसाला अंड्याचा केक आणि जिलेटिनच्या गोळ्या वाटतात, तेव्हा वेगळं खाणाऱ्या मुलाची बाई कशी सोय करतात? या एका उत्तरातून त्या बाईंचा स्वभाव कळतो.

तुमच्याकडेही असा फोन येईल. ठेव मोडायला नाही म्हणा असं मी सांगत नाही. मुलांची गरज असेल तर आपण असतोच. फक्त पैसे पाठवण्याआधी विचारा, “शाळा आतून पाहिलीस का, की नुसता आकडा पाहिलास?”