ग्रामीण रॅपगायकाचा चरितार्थ

दर वर्षी डिसेंबरात तानसेनाच्या समाधीपाशी समारोह भरतो आणि आमच्या ग्वाल्हेरीतील मराठी घरांतून त्या दिवसांत गाण्याखेरीज दुसरा विषय नसतो. ख्यालगायकीचे हे माहेर. येथे गाण्याची थोरवी नव्याने सांगावयास नको. परंतु याच घरांतील एखादा मुलगा गणेशोत्सवात व्यासपीठावर चढून तालावर भरभर बोलत यमके जुळवू लागला, की वडील मंडळी कपाळास आठ्या घालतात आणि शेवटी एकच प्रश्न करतात : "याने पोट भरेल काय?" प्रश्न रास्त आहे. मात्र उत्तर ऐकण्यापूर्वीच विचारणारे उठून जातात, एवढीच आमची तक्रार आहे.

रॅप म्हणजे तालावर बोललेले काव्य. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीत १९७० नंतरच्या दशकात तो वाढीस लागला. डफ-तुणतुण्यावरील पोवाडा ऐकलेल्या मराठी कानास तो अगदीच परका वाटू नये. शाहीरही गाता गाता मध्येच बोलू लागतो व कथा पुढे नेतो.

पुढे अमेरिकेतच या रॅपची तेथील ग्रामीण गीतांशी सोयरीक जमली. जॉर्जिया राज्यातील 'लिल नास एक्स' या विशीच्या आतील तरुणाने एका डच मुलाने रचलेला ताल ३० डॉलरांस विकत घेतला व त्यावर 'ओल्ड टाऊन रोड' हे गाणे रचून डिसेंबर २०१८ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले. 'बिलबोर्ड' नियतकालिकाने मार्च २०१९ मध्ये ते ग्रामीण गीतांच्या यादीतून काढून टाकले. कारण असे दिले, की यात ग्रामीण संगीताचे गुण पुरेसे नाहीत. त्याच वर्षी ते गाणे त्या नियतकालिकाच्या मुख्य यादीत सलग १९ आठवडे अग्रस्थानी राहिले. अर्थात तोपर्यंत एका बड्या कंपनीने त्या तरुणाशी करार केला होता, हेही विसरता कामा नये.

आपल्याकडेही अशी उदाहरणे घडू लागली आहेत. जळगाव जिल्ह्यातील धानवड येथील बंजारा कुटुंबातला संजू राठोड याने स्वतः लिहिलेले व स्वतः गायिलेले 'गुलाबी साडी' हे गाणे २०२४ साली देशभर लग्नाच्या वरातींतून वाजले. ज्यांना मराठीचा गंध नाही, तेही त्यावर नाचले. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपले नाव शंभराचा आकडा व पुढे तीन इंग्रजी अक्षरे असे लिहितो. शंभर म्हणजे हिंदीत 'सौ', म्हणून 'सौ-रभ'! ही गंमत पुण्याच्या मुलास कदाचित समजावून द्यावी लागेल, ग्वाल्हेरच्या मुलास नाही. तो मराठीत व हिंदीत रॅप करतो आणि २०२३ साली दूरचित्रवाणीवरील 'हसल' या स्पर्धेमुळे तो महाराष्ट्राबाहेरही ऐकला गेला.

"पण यांस ना गुरू, ना आश्रय," असे आमचे एक आजोबा म्हणतात. गुरूविषयी आम्ही वाद घालणार नाही. आश्रयाविषयी मात्र ग्वाल्हेर घराण्याचाच इतिहास त्यांच्यापुढे ठेवतो. हद्दूखाँ-हस्सूखाँ हे शिंदे दरबारचे गवई. हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली, आणि मिरजेस ती विष्णु दिगंबर पलुसकरांस दिली. पलुसकर १८९६ मध्ये मिरज सोडून निघाले. राजेरजवाड्यांच्या मर्जीवर न विसंबता त्यांनी तिकीट लावून लोकांपुढे गाणे केले. गवयाने दारावर तिकिटे विकावी, हे त्या काळी अनेकांस हलकेपणाचे वाटले असल्यास नवल नाही. १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय निघाले, ते लोकांच्या पैशावर व पलुसकरांच्या मैफलींवर चालले. पुढे मुंबईस विद्यालयाची इमारत उभारताना कर्ज झाले व अखेर ती इमारत सावकारांच्या हाती गेली. स्वतंत्र गवयाचा संसार हा असा असतो. त्यात मान होता, आणि जप्तीही होती.

आजच्या रॅपगायकास तिकिटाच्या खिडकीऐवजी यूट्यूब मिळाले, एवढाच फरक आम्हांस दिसतो. एका श्रवणामागे हाती पडतात ते पैसे, रुपये नव्हेत. खरी मिळकत महाविद्यालयांतील व उत्सवांतील कार्यक्रमांची. म्हणून गाणे कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न यमकाहून मोठा ठरतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, आणि गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील वाटा कोणत्याही कंपनीस लिहून घेता येणार नाही, असे ठरले. वारसास किंवा हक्कसंस्थेसच तो देता येतो. हे ठाऊक असलेले किती गाणारे असतील? वडील मंडळींनी पोटाचा प्रश्न विचारतानाच हा कायदाही मुलास वाचून दाखवावा. आठ्या घालण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट. आमच्या शहरात उंबरठ्याबाहेर हिंदी आहे. मराठी घरात, देवघरात व या शाळेत उरली आहे. आमच्यापैकी कित्येकांचे भांडणही हिंदीत होते. अशा ठिकाणी जो मुलगा मराठीत यमक शोधत रात्री वहीत खाडाखोड करतो, 'पाऊस'ला 'हौस' चालेल की नाही म्हणून आजीस विचारतो, तो काही टाकाऊ उद्योग करीत नाही. त्याचे शब्द कधी उथळ असतात, ताल कधी उसना असतो, हे आम्हांस मान्य आहे. पण ते ऐकल्यावाचून कसे सांगणार?

यंदाच्या स्नेहसंमेलनात नाट्यगीतांस अर्धा तास व समूहगीतांस वीस मिनिटे होती. पुढील वर्षी त्यांतून दहा मिनिटे आम्ही मागणार आहोत. अट एकच : शब्द मराठी असावेत व स्वतःचे असावेत.